गर्भापासून पिकल्या वयापर्यंत : पूरक पोषण आणि भिवंडी

रोजच्या जेवणातून शरीराला जे मिळायला हवे पण मिळत नाही, ते गोळी, सिरप, थेंब, पूड किंवा जादा खाऊच्या रूपाने वेगळे देणे म्हणजे पूरक पोषण. अंगणवाडीतून घरी जाणारे पाकीट, शाळेत आठवड्याला मिळणारी निळी लोहगोळी, डॉक्टरांनी लिहून दिलेले ‘ड’ जीवनसत्त्वाचे सॅशे, औषधांच्या दुकानात काचेमागे मांडलेले मल्टिव्हिटॅमिनचे आणि प्रोटीन पावडरचे डबे, हे सगळे त्यात येते. म्हातारपणी हातपाय चालावेत, हाडे मोडू नयेत, नजर आणि स्मरण शाबूत राहावे, ही अपेक्षा या सगळ्यांमागे आहे. ती कोणत्या वयात, कोणत्या पदार्थाने आणि किती प्रमाणात पुरी होते याची उत्तरे मात्र सारखी नाहीत. सर्वांत भक्कम पुरावा आयुष्याच्या आरंभीच्या वर्षांतील स्वस्त, सरकारी पुरवठ्याच्या गोळ्यांच्या बाजूने उभा आहे. उतारवयासाठी विकल्या जाणाऱ्या महागड्या डब्यांच्या बाजूचा पुरावा सर्वांत तोकडा आहे. खर्च मात्र बहुतेक घरांत याच्या उलट क्रमाने होतो.

भिवंडीत हा प्रश्न सगळ्या अंगांनी दिसतो. ठाणे जिल्ह्यातले हे यंत्रमागांचे शहर; २०११च्या जनगणनेनुसार महापालिका हद्दीत सुमारे सात लाख वस्ती. उत्तर प्रदेशातून आलेली मोमीन विणकरांची जुनी घराणी, तेलंगणातून आलेले पद्मशाली, कोकणी मुसलमान, मारवाडी-गुजराती व्यापारी, मागावर राबायला आलेले उत्तर प्रदेश-बिहारचे एकटे पुरुष, भोवतीच्या गावांतली आगरी-कोळी कुटुंबे आणि तालुक्याच्या डोंगराकडच्या भागातले वारली-कातकरी पाडे, अशी इथली माणसे. प्रत्येकाचे ताट वेगळे, म्हणून प्रत्येकाच्या ताटातली उणीवही वेगळी. शिवाय माणकोली, दापोडा, राहनाळ, काल्हेर, पूर्णा या पट्ट्यातल्या गोदामांमधून मुंबई आणि अर्ध्या महाराष्ट्राला माल जातो, म्हणून पूरकांच्या साठवणुकीचा प्रश्नही इथलाच.

गर्भारपण आणि पहिले हजार दिवस

वार्धक्याची सुरुवात गर्भातच होते, हे आता वैद्यकात रूढ झालेले मत आहे, आणि ते घडवण्यात महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांचा गर्भारपणाआधीपासून अभ्यास केला. या मातांची बाळे सरासरी २.७ किलोंची; इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा जवळजवळ ८०० ग्रॅमने हलकी. पण या हलक्या बाळांत स्नायू कमी आणि चरबी तुलनेने टिकून होती. बारीक दिसणारे पण आतून चरबीचे हे बाळ पुढे चाळिशीच्या आतच मधुमेहाच्या वाटेला लागू शकते. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. गर्भारपणी ज्या मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा विरोध सर्वाधिक होता. २००८ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ब-१२ची कमतरता तशीच ठेवून नुसते फॉलिक ॲसिड भरपूर देणे पुरेसे नाही, हा त्याचा व्यवहारातला अर्थ. दूध, दही, अंडे, मासे यांपैकी काहीच पुरेसे न खाणाऱ्या घरांत ही बाब तपासून घ्यायलाच हवी.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये २००६ ते २०१२ या काळात झालेला ‘सरस’ प्रकल्प भिवंडीच्या परिस्थितीला आणखी जवळचा आहे. साडेसहा हजारांहून अधिक स्त्रियांपैकी अर्ध्यांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध घालून केलेला खाऊ दिला, अर्ध्यांना बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. बाळांच्या सरासरी वजनात एकंदरीत ठळक फरक पडला नाही. मात्र गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधी खाऊ सुरू झालेल्या स्त्रियांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने वजनदार निघाली, आणि गर्भारपणातील मधुमेहाचे प्रमाण १२.४ वरून ७.३ टक्क्यांवर आले. इथे गोळी नव्हती, मुठीत मावेल असा खाऊ होता. खाऊ कोणता याइतकेच तो कधी सुरू झाला यालाही महत्त्व होते.

वेळेचा हाच मुद्दा फॉलिक ॲसिडला लागू पडतो. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. तोवर अनेकींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. म्हणून रोजचे ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड लग्नानंतर, मूल हवे असे ठरवतानाच सुरू करायचे असते. चौथ्या महिन्यापासून सरकारी कार्यक्रमानुसार रोज एक लाल लोहगोळी, म्हणजे ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, किमान १८० दिवस. आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. त्याच सुमारास ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमच्या रोज दोन गोळ्या सुरू होतात. ज्यांच्या आहारात कॅल्शियम कमी आहे अशा स्त्रियांत त्याने गर्भारपणातील रक्तदाबाचा धोका घटतो. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेतले तर लोह कमी शोषले जाते, म्हणून दोन गोळ्यांत किमान दोन तासांचे अंतर लागते. गोळी घेतल्यावर शौचाला काळे होणे निरुपद्रवी असते. हे आशाताईने आधी सांगितले नाही, तर भीतीने गोळ्या बंद होतात आणि पट्टी फळीवर पडून राहते.

बाळंतिणीला अहळिवाचे, डिंकाचे, मेथीचे लाडू देण्याची चाल पोषणाच्या दृष्टीने शहाणपणाची आहे. अहळिवात लोह आहे, लाडवात ऊर्जा आहे. लोहगोळीच्या जागी मात्र ते पुरणार नाहीत. बाळाला सहा महिने केवळ आईचे दूध. त्यात ‘ड’ जीवनसत्त्व फार कमी उतरते, म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पहिले वर्षभर रोज ४०० आययूचे थेंब देण्याची शिफारस केली आहे. चाळीच्या अंधाऱ्या खोलीत वाढणाऱ्या बाळाला त्यांची गरज सर्वांत अधिक.

बालपण

२०२२ च्या अखेरीस मुंबई, मालेगाव आणि भिवंडीत गोवराची साथ आली. लस न मिळालेली, कमी वजनाची, दाट वस्तीतली मुले तिला बळी पडली. गोवर आणि ‘अ’ जीवनसत्त्व यांचा संबंध जुना आहे. गोवरात शरीरातला ‘अ’चा साठा झपाट्याने संपतो, डोळ्यांचे बुबुळ खराब होऊ शकते आणि न्यूमोनिया-जुलाब जीव घेऊ शकतात. म्हणून गोवर झालेल्या मुलाला लागोपाठ दोन दिवस ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस देतात : सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पन्नास हजार आययू, सहा महिने ते एक वर्षाच्या बाळाला एक लाख, त्यावरच्या मुलाला दोन लाख. नेहमीच्या कार्यक्रमात नवव्या महिन्यात एक लाख आणि मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख आययू दिले जातात. पूरक पोषणाने थेट जीव वाचतो याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. तरीही स्थलांतरित कुटुंबाने गाव बदलले की डोसाची नोंदवही मागे राहते आणि पुढचा डोस चुकतो.

जुलाबात ओआरएससोबत झिंक हे असेच दुसरे साधे औषध. सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहान बाळाला १० मिलिग्रॅम, पूर्ण चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी झिंक चालू ठेवायचे असते, कारण पुढच्या दोन-तीन महिन्यांतले जुलाब त्याने कमी होतात. पावसाळ्यात सखल वस्त्यांत पाणी शिरले की याची गरज वाढते.

रक्तक्षयाचे आकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) आले. महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांत आणि १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात वयानुसार लोहगोळ्यांचे रंग ठरले आहेत. पाच वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर सिरप, पाच ते नऊ वर्षांना आठवड्याला ४५ मिलिग्रॅमची गुलाबी गोळी, दहा ते एकोणीस वर्षांना ६० मिलिग्रॅमची निळी. जोडीला वर्षातून दोनदा जंताची गोळी, कारण आतड्यात आकडेकृमी असेल तर दिलेले लोह रक्तावाटे पुन्हा बाहेर जाते.

लोहाची गोळी देऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर डोस वाढवत बसू नये. कारण तपासावे. ठाणे जिल्ह्यात सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली या समाजांत थॅलेसेमियाचे वाहक बरेच आढळतात. वाहकाचे रक्त तपासणीत लोहाच्या कमतरतेसारखेच दिसते. त्याला विनाकारण वर्षानुवर्षे लोह देणे चुकीचे.

अंगणवाडीचा पूरक आहार ही १९७५ पासून चालत आलेली योजना. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, गरोदर आणि स्तनदा मातेला ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने, असे तिचे प्रमाण बराच काळ होते. घरी नेलेले पाकीट घरातल्या सगळ्यांत वाटले जाते, ही तिची जुनी अडचण. गरम ताजा आहार जागेवर खाऊ घालणे त्यापेक्षा चांगले. आदिवासी भागांतील डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेचा आधार तोच आहे. शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवला. उत्तम प्रथिने आणि ब-१२ एकाच वेळी, इतक्या कमी किमतीत देणारा दुसरा पदार्थ नाही. निधी थांबवण्याचा हा निर्णय मुलांच्या हिताचा झाला नाही.

किशोरवय

मुलीला पाळी सुरू होते त्या वयात लोहाची गरज एकदम वाढते. हाडेही याच काळात भरतात. विशी-पंचविशीपर्यंत जेवढे कॅल्शियम हाडांत जमा होईल, त्याच्यावरच पुढची पन्नास वर्षे काढायची असतात. कॅल्शियमसाठी दूधच हवे असे नाही. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, दुधात शंभर मिलिलिटरला १२० च्या आसपास. आगरी-कोळी घरांतला जवळा आणि काट्यासकट खाल्ली जाणारी लहान सुकी मासळी, तीळ, शेवग्याचा पाला हेही चांगले स्रोत. डोंगराकडच्या पाड्यांवर नाचणी मागे पडून रेशनचा तांदूळ आणि बिस्किटाचा पुडा पुढे आला, ही हाडांच्या दृष्टीने तोट्याची अदलाबदल झाली.

निळ्या गोळीचा परिणाम कमी होण्याचे एक ठळक कारण चहा आहे. चहातील टॅनिन लोहाला बांधून ठेवते. गोळीनंतर किंवा जेवणानंतर लगेच घेतलेला कटिंग चहा त्यातले बरेच लोह वाया घालवतो. तेच जेवण लिंबू पिळून खाल्ले तर शोषण वाढते. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा टाळणे हा उपाय फुकटचा आहे.

मुलांमध्ये या वयात प्रोटीन पावडरचे वेड शिरते. व्यायामशाळेच्या कोपऱ्यात मोठमोठे डबे सुटेही विकले जातात. २०२४ मध्ये केरळमधल्या संशोधकांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या, तेव्हा जवळजवळ ७० टक्क्यांमध्ये लेबलवरचा प्रथिनांचा आकडा खरा नव्हता. काहींत जड धातू आणि बुरशीची विषे सापडली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या मे २०२४ मधील आहार मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळण्याचा सल्ला आहे. प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. साठ किलोंच्या तरुणाला ती सुमारे ५० ग्रॅम. उत्तर भारतीय कामगार गावाकडून सोबत आणतात त्या चण्याच्या सत्तूत शंभर ग्रॅममागे वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. अंडे, शेंगदाणे, सोयाबीन, वाटाणे यांनी उरलेली भर पडते. भिवंडीच्या तरुणाला व्यायामानंतर सत्तूचे सरबत पावडरीपेक्षा अधिक भरवशाचे आहे.

कमावते वय

यंत्रमागाच्या कारखान्यात बारा तासांची पाळी असते, आणि दिवस-रात्र आलटून पालटून येते. कारखान्यात खिडक्या थोड्या, आवाज प्रचंड, हवेत कापसाची बारीक धूळ. दिवसपाळीचा माणूस दिवसभर छताखाली, रात्रपाळीचा दिवसभर झोपलेला. स्त्रिया घरात बसून धागे कापण्यासारखी कामे करतात, बाहेर पडताना अनेकींचे अंग पूर्ण झाकलेले असते. एकोणीस अक्षांशावरच्या या शहरावर वर्षभर भरपूर ऊन पडते, तरी ते त्वचेपर्यंत पोचत नाही. ‘ड’ जीवनसत्त्व तयार करणारे किरण काचेतून येत नाहीत आणि सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हातही फारसे नसतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते त्या वेळेतलेच ऊन उपयोगाचे. सावळ्या त्वचेला ते अधिक वेळ लागते. म्हणून सुट्टीच्या दिवशी किंवा पाळी बदलताना हात-पाय उघडे ठेवून उन्हात अर्धा तास घालवणे आणि ज्यांना ते शक्य नाही त्यांनी पूरक घेणे, ही सूचना मागावरच्या माणसाला लागू पडते.

इथे एका मोठ्या चाचणीचा गैरसमज होऊ नये. अमेरिकेत २५,८७१ जणांवर झालेल्या ‘व्हायटल’ चाचणीत रोज २,००० आययू ‘ड’ घेऊन कर्करोग, हृदयविकार किंवा हाड मोडणे कमी झाले नाही. पण त्या लोकांत बहुतेकांच्या शरीरात ‘ड’ आधीच पुरेसे होते. भरलेल्या भांड्यात आणखी ओतून काही मिळत नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. ज्याच्या हाडांत दुखते, जिन्यावर चढताना मांड्यांत बळ राहत नाही, त्याच्या कमतरतेवर ती चाचणी काही बोलत नाही. उपचाराचा रूढ डोस आठवड्याला ६०,००० आययू, साधारण आठ आठवडे. ‘आठवड्याला’ हा शब्द नीट समजावला नाही आणि कोणी ते सॅशे रोज घेत राहिले, तर रक्तातले कॅल्शियम वाढून उलट्या, गोंधळलेपण आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. औषध देणाऱ्याने ते तारखा लिहूनच द्यावे.

एकटे राहणारे कामगार ‘बिसी’ नावाच्या खानावळींत जेवतात. स्त्रियांनी चालवलेल्या या खानावळींमुळे हजारो माणसांचे दोन वेळचे भागते. भात, पोळी, डाळ, बटाट्याची भाजी हा नेहमीचा बेत. पालेभाजी, फळ, दही क्वचित. लोह, फोलेट आणि ‘क’ जीवनसत्त्व या तिन्हींची उणीव एकाच ताटात जमते. इथे प्रत्येक कामगाराला गोळी पोचवण्यापेक्षा खानावळीच्या शिध्यात बदल करणे सोपे आहे : रोज लिंबू, आठवड्यातून तीनदा पालेभाजी, आयोडीनयुक्त मीठ. रेशनच्या तांदळात मार्च २०२४ पासून देशभर लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-१२ मिसळलेले पोषणयुक्त दाणे शंभरास एक या प्रमाणात येऊ लागले. ते रंगाने जरा वेगळे दिसतात म्हणून प्लास्टिकचा तांदूळ समजून निवडून टाकले जातात. नेमके तेच दाणे टाकायचे नसतात.

क्षयरोग हा दाट वस्तीतल्या, कमी जेवलेल्या माणसांचा आजार. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रेशन्स’ चाचणीत क्षयरुग्णांच्या घरातील दहा हजारांहून अधिक माणसांपैकी ज्यांना सहा महिने तांदूळ, डाळ आणि सूक्ष्मपोषकांच्या गोळ्या मिळाल्या, त्यांच्यात नवा क्षय ३९ टक्क्यांनी कमी झाला. रुग्णांमध्ये पहिल्या दोन महिन्यांत वजन वाढले तर मृत्यूचा धोका मोठ्या प्रमाणात घटला. पूरक अन्नाने संसर्गजन्य रोग टळतो, याचा गेल्या काही वर्षांतला हा सर्वांत महत्त्वाचा पुरावा आहे आणि तो भारतातला आहे. क्षयरुग्णाला निक्षय पोषण योजनेतून मिळणारे महिना ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. ही रक्कम घरातल्या सर्वांच्या ताटापर्यंत पोचायला हवी. क्षयावरचे आयसोनियाझिड हे औषध घेणाऱ्यांना हातापायांत मुंग्या येऊ नयेत म्हणून ब-६ची गोळीही दिली जाते. ती जादाची समजून सोडू नये.

बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांसाठी एक इशारा आवश्यक आहे. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिले, तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढला. १९९४ चा हा निकाल आजही कायम आहे. गाजर-भोपळा खाण्याला कसलीच हरकत नाही. त्याच द्रव्याची मोठी गोळी धूम्रपान करणाऱ्याने घेऊ नये.

चाळिशीनंतर मधुमेह आणि आम्लपित्ताची औषधे सुरू होतात. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ब-१२ उतरते. आम्लपित्ताच्या रोजच्या गोळ्यांनीही तेच होते. पायांतली बधिरता मधुमेहाची म्हणून सोडून दिली जाते आणि त्यामागची ब-१२ची कमतरता राहून जाते. ती रक्ततपासणीत सापडते, आणि उशीर झाला नसेल तर भरूनही निघते.

उतारवय

भारतीय स्त्रीची पाळी बहुधा पन्नाशीच्या आधीच थांबते आणि पुढच्या काही वर्षांत हाडे झपाट्याने झिजतात. प्रौढाची कॅल्शियमची दिवसाची गरज भारतीय प्रमाणानुसार १,००० मिलिग्रॅम आहे. आहारातून जेवढे मिळत नाही तेवढ्याचीच गोळी घ्यावी, जेवणासोबत घ्यावी, आणि एका वेळी ५०० मिलिग्रॅमहून अधिक घेऊ नये. गरजेपेक्षा जास्त गोळ्यांनी मूतखडे वाढतात. साठीनंतर ‘ड’ची गरज रोज ८०० आययूपर्यंत जाते, कारण म्हातारी त्वचा ते कमी बनवते.

म्हातारपणाचे खरे दुखणे स्नायू आटण्याचे आहे. वृद्ध माणूस पडतो तो बहुधा मांडीत बळ नसल्यामुळे. साठीनंतर प्रथिनांची गरज कमी होत नाही, वाढते. तज्ज्ञ दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सांगतात. पण घरोघरी आजी-आजोबांच्या ताटात चहा-खारी, मऊ भात आणि पातळ आमटी उरते. दात नाहीत, भूक नाही, वेगळे करून घालणारे कोणी नाही. वाटीभर डाळीत सहा-सात ग्रॅम प्रथिने, अंड्यात सहा, मूठभर फुटाण्यांत तेवढीच. पन्नास किलोंच्या बाईला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम गाठायची तर दर जेवणात प्रथिनांचा एक पदार्थ लागतो : घट्ट वरण, दही, मऊ मासा, सत्तूची पेज, दळलेले शेंगदाणे. ज्यांना हे जमत नाही त्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने दुधात मिसळायची प्रथिनपूड देणे रास्त आहे. तरुणांसाठी विकली जाणारी पूड खरे तर या वयात उपयोगाची ठरते. मूत्रपिंड अधू असेल तर आधी क्रिएटिनिन पाहावे. आणि खुर्चीवरून दहा वेळा उठण्या-बसण्याचा व्यायाम नसेल, तर नुसत्या प्रथिनांनी स्नायू परत येत नाहीत.

वयाबरोबर जठरातले आम्ल घटते आणि अन्नात बांधलेले ब-१२ सुटत नाही. गोळीतले मात्र शोषले जाते. विस्मरण, चालताना तोल जाणे, जीभ लाल होणे ही लक्षणे दिसली की स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारण्याआधी ब-१२ आणि थायरॉइड तपासले पाहिजे.

रोजच्या मल्टिव्हिटॅमिनने आयुष्य वाढते का, याचे उत्तर सध्या नाही असेच आहे. अमेरिकेत सुमारे ३ लाख ९० हजार निरोगी प्रौढांच्या वीस वर्षांहून अधिक काळच्या नोंदी २०२४ मध्ये तपासल्या गेल्या. ते रोज घेणाऱ्यांत मृत्यू कमी नव्हते. ‘कॉसमॉस’ चाचणीत वृद्धांच्या स्मरणात लहानसा फायदा दिसला, तो दुर्लक्षिण्याजोगा नाही, पण त्यावर मोठे दावे उभे राहत नाहीत. डोळ्यांच्या पडद्याची झीज मध्यम टप्प्यावर आलेल्यांना ठरावीक जीवनसत्त्वे, झिंक आणि ल्युटीन यांचे मिश्रण उपयोगी पडते. ज्यांना तो आजार नाही त्यांना त्याचा लाभ नाही. कोलॅजेन आणि तरुणपण टिकवणारी म्हणून विकली जाणारी एनएमएन, रेस्वेराट्रॉल यांच्यामुळे माणसाचे आयुष्य वाढल्याचा पुरावा नाही. अश्वगंधेने काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत; वनौषधी म्हणून ती सर्वांना निर्धोक ठरत नाही.

कायदा, लेबल आणि गोदाम

एकच जीवनसत्त्व औषध म्हणूनही विकता येते आणि अन्न म्हणूनही. औषध १९४० च्या कायद्याखाली येते. पूरक अन्न अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांखाली. अशा डब्यावर ‘हेल्थ सप्लिमेंट’ आणि ते औषधी वापरासाठी नसल्याचे लिहिणे, तसेच दिवसाचे प्रमाण देणे बंधनकारक आहे. अमुक आजार बरा होतो असा दावा अन्नाच्या लेबलवर करता येत नाही. तो दिसला तर तेवढ्यावरून माल संशयास्पद ठरतो. महाराष्ट्रात दोन्हींवर देखरेख अन्न व औषध प्रशासनाचीच असल्यामुळे तक्रार एकाच ठिकाणी करता येते.

साठवणुकीचा मुद्दा भिवंडीत खास महत्त्वाचा आहे. पूरक अन्न साठवणाऱ्या गोदामालाही अन्न परवाना लागतो. पत्र्याच्या छताखाली एप्रिल-मे मध्ये तापमान बाहेरच्याहून वर जाते, पावसाळ्यात दमट हवा आत शिरते. ‘क’ जीवनसत्त्व, फॉलिक ॲसिड आणि ‘अ’ हे उष्णता, ओल, उजेड यांनी लवकर नासतात. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल खवट होतात. दह्यातल्या जिवाणूंच्या पुड्यांमधले जिवाणू मरतात. मुदत संपलेली नसली तरी गुण उतरलेला असू शकतो. वेगळ्या, थंड कप्प्याची सोय असलेली गोदामे भिवंडीच्या पट्ट्यात आहेत, पण सगळीच नाहीत. गोळ्यांचा रंग बदलणे, त्या एकमेकींना चिकटणे, कॅप्सूलला कुबट वास येणे ही माल परत करण्याची कारणे आहेत.

घेणाऱ्याने डॉक्टरांना पूरकांची यादीही सांगायला हवी. बायोटिनच्या केस-नखांसाठीच्या मोठ्या डोसाने थायरॉइडच्या आणि हृदयाच्या ट्रोपोनिन चाचणीचा निकाल चुकू शकतो, म्हणून तपासणीआधी डॉक्टरांना विचारून ते काही दिवस थांबवतात. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनवर ‘क’ नव्हे, ‘के’ जीवनसत्त्वाचा परिणाम होतो. थायरॉइडची गोळी आणि लोह-कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर लागते. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते. शाकाहारी किंवा हलाल पाळणाऱ्यांनी हिरवी-तपकिरी खूण पाहून घ्यावी, गरज असल्यास तेच द्रव्य गोळीच्या किंवा थेंबांच्या रूपात मागावे. हिमोग्लोबिनची तपासणी, लोहगोळ्या, कॅल्शियम आणि मुलांचे ‘अ’चे डोस इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात आणि महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात, ब-१२ आणि ‘ड’च्या साध्या गोळ्या जनऔषधी केंद्रांत बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी किमतीत मिळू शकतात.